खाडी कुणाची? तीन गृहिणींची आणि एका कायद्याची हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखादा इतिहासाचा लेख असावा, अशी चालक भगिनींची इच्छा असते. आजवर जिजाऊसाहेब, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांची चरित्रे आपण वाचली. ती वाचताना मन भरून येते. परंतु असेही वाटते की, या झाल्या थोर स्त्रिया. आपण स्वयंपाक, मुलांच्या शाळा, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे यांतून तासभर काढून मंडळात येणाऱ्या. आपल्या हातून इतिहास तो काय घडणार? म्हणून या खेपेस मी अशा तिघींची हकीकत निवडली आहे, की ज्या राण्या नव्हत्या, पुढारी नव्हत्या, वकीलही नव्हत्या. चाळिशी-पन्नाशीतल्या, घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. त्यांनी एक अख्खी खाडी बुजता बुजता वाचवली, आणि त्या धडपडीतून किनाऱ्याचे रक्षण करणारे असे कायदे निघाले, की त्यांचे नाव आजही घेतले जाते.

आपणही ठाण्याच्या खाडीकाठी राहतो. तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखातली असली तरी परकी वाटू नये.

प्रथम खाडीकाठच्या चिखलाविषयी दोन शब्द सांगते. आपल्याकडे त्याला खाजण म्हणतात. भरतीला जिथे खारे पाणी चढते, ओहोटीला उतरते, आणि डोंगराकडून येणारे ओहोळ, नाले आपले गोडे पाणी आणून सोडतात, ती ही जागा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओसाड, वासाची, डासांची वाटते. पण कोळीण बाईला विचारा. कोळंबीची पिले तिथे वाढतात, चिंबोरी तिथे बिळे करते, निवट्या तिथे उड्या मारतात, जिताडा तिथेच मोठा होतो. पावसाचे पाणी आणि भरती एकाच वेळी आली, की ते पाणी पसरायला हीच जागा असते. ती भरून टाकली तर पाणी काही परत आकाशात जात नाही. ते आपल्या उंबऱ्याशी येते. तिवराची आणि चिप्पीची मुळे चिखल धरून ठेवतात आणि लाटेचा जोर मोडतात. ओढ्याकाठची झाडी वरून येणारी माती आणि घाण अडवते, म्हणून खालचे पाणी जिवंत राहते. ओढा, त्याची झाडी, खाजण आणि खाडी ही एकाच घरातली माणसे आहेत. एकाला उपाशी ठेवून दुसरा धष्टपुष्ट होत नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाठीशी एक विशाल उपसागर आहे. आपण सोयीसाठी त्याला खाडीच म्हणू. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन मोठ्या नद्या तिच्यात गोडे पाणी आणतात, आणि गोल्डन गेट नावाच्या अरुंद तोंडातून समुद्र आत येतो. १८४८ साली त्या मुलखात सोने सापडले आणि १८४९ पासून जगभरातून माणसांचा लोंढा आला. सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फोडले गेले; तो गाळ नद्यांतून वाहत खाडीत येऊन बसला. शहरे वाढली तशी किनाऱ्यावर भर पडू लागली. पाणथळ जमिनीला बांध घालून कुणी शेती केली, कुणी गुरे चारली, कुणी मिठागरे केली. सरकारने भरतीच्या पाण्याखालची जमीनसुद्धा लोकांना विकली होती! कागदावर ती जमीन होती, डोळ्यांना ते पाणी दिसत होते. आणि ज्याच्या हाती कागद तो म्हणे, मी माझ्या जमिनीवर भर घालतो, तुमचे काय गेले?

काय गेले ते आकड्यांत सांगते. सोन्याच्या काळात ही खाडी सुमारे ७८७ चौरस मैल होती. १९६० च्या सुमारास मोकळे पाणी उरले सुमारे ५४८ चौरस मैल. मधला जो भाग गेला तो सहाशे चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. आपली मुंबई, शहर आणि उपनगर मिळून, साधारण तेवढीच आहे. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत एक मुंबईभर पाणी त्या लोकांनी घालवले.

आणि एवढ्यावर कुणी थांबणार नव्हते. खाडीच्या पूर्व काठावर बर्कली नावाचे विद्यापीठाचे शहर आहे. त्या शहराच्या कारभाऱ्यांनी आपल्या समोरचे सुमारे २,००० एकर पाणी बुजवण्याचा बेत केला होता. किनाऱ्यावर शहराचा कचरा टाकला जाई, तो जाळला जाई, आणि हळूहळू तीच नवी जमीन होई. त्याच सुमारास तिथल्या वर्तमानपत्रात एक नकाशा छापून आला. तो सरकारी लष्करी अभियंत्यांच्या खात्याने केलेल्या पाहणीवरून काढलेला होता. असाच भराव होत राहिला तर २०२० साली खाडी कशी दिसेल, ते त्यात दाखवले होते. खाडी नव्हतीच, तिच्या जागी एक रुंदशी नदी तेवढी उरली होती. मौज अशी की, तो नकाशा भीती घालण्यासाठी काढलेला नव्हता. एवढी जमीन मिळू शकेल, असे सांगण्यासाठी तो होता.

हा नकाशा तीन बायकांनी पाहिला. पहिल्या कॅथरीन कर. यांचे यजमान क्लार्क कर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. दुसऱ्या सिल्व्हिया मॅक्लॉक्लिन. यांचे यजमान खाणींच्या धंद्यातले मोठे गृहस्थ आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होते. तिसऱ्या एस्थर गुलिक; यांचे यजमान अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तिघींची घरे बर्कलीच्या टेकडीवर होती आणि खिडकीतून खाडी दिसे. कचऱ्याच्या गाड्या येतात, पाण्यात रिकाम्या होतात, हे त्या रोज पाहत होत्या. आपणही गॅलरीतून असे पुष्कळ पाहतो आणि "चालायचेच" म्हणून आत जातो. त्या तिघी आत गेल्या नाहीत. चहाच्या निमित्ताने बोलणे निघाले, आणि एकमेकींना त्या म्हणाल्या की, आपण काही तरी केले पाहिजे.

१९६१ च्या जानेवारीत त्यांनी एस्थरबाईंच्या घरी एक बैठक बोलावली. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या मोठमोठ्या संस्थांच्या चालकांना निमंत्रण दिले. त्यांचा हेतू एवढाच होता की, या मोठ्या माणसांपुढे दुखणे मांडावे आणि काम त्यांच्या हाती सोपवून आपण मोकळ्या व्हावे. मंडळी आली. त्यांनी नकाशा पाहिला, हळहळ व्यक्त केली. मग एकेक जण सांगू लागला: आमच्याकडे जंगलांचे काम आहे, आमच्याकडे रानातल्या प्राण्यांचे, आमच्याकडे पक्ष्यांचे. खाडी वाचलीच पाहिजे, पण त्यासाठी नवी संस्था हवी. जाताना सर्वांनी त्यांना यश चिंतिले, आणि आपापल्या सभासदांचे पत्ते देऊ केले. काम बायकांच्याच पदरात राहिले.

इथेच या गोष्टीचा पहिला धडा आहे. "हे कुणी तरी मोठे करील" असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, ती मोठी माणसेही "कुणी तरी करावे" असेच म्हणत असतात. तेव्हा ज्याच्या दारातून दिसते, त्यानेच पहिले पाऊल टाकावे लागते.

त्यांनी "सेव्ह सॅन फ्रान्सिस्को बे असोसिएशन" नावाची संस्था काढली. वर्गणी ठेवली फक्त १ डॉलर. त्या काळीही ही रक्कम अगदी किरकोळ होती. हेतू असा की, पैसा थोडा आला तरी चालेल, पण नावे पुष्कळ यावीत. आलेल्या पत्यांवर पत्रे गेली आणि उत्तरे येऊ लागली. तिघींनी आणखी एक नेम पाळला. बोलण्याआधी माहिती गोळा करायची. विद्यापीठातल्या जाणत्यांना विचारून त्यांनी खाडीचे पाणी, गाळ, पक्षी, मासे, जमिनीचे कागद, भूकंपात भरावाच्या जमिनीचे काय होते, हे सारे समजून घेतले. सभेत त्या ओरडत नसत, आकडे सांगत. शहराच्या सभागृहात कारभारी मंडळी बोलत असताना मागच्या बाकांवर माणसे भरलेली असत. १९६३ साली बर्कली शहराने तो मोठ्या भरावाचा बेत मागे घेतला.

इथे दुसरे कुणी असते तर पेढे वाटून घरी बसले असते. पण त्या तिघींच्या ध्यानी एक गोष्ट आली होती, आणि माझ्या मते साऱ्या हकीकतीचे सार त्यातच आहे. त्या खाडीला नऊ जिल्ह्यांचा किनारा लागतो आणि काठावर लहानमोठी शहरे कितीतरी आहेत. प्रत्येक शहर आपल्यापुरता विचार करी. एकाने विमानतळासाठी थोडे बुजवले, दुसऱ्याने घरांसाठी, तिसऱ्याने कचऱ्यासाठी. प्रत्येकाचा वाटा लहान, प्रत्येकाचे कारण योग्य दिसणारे. आपल्या चाळींत पूर्वी सामाईक गॅलरी असे. एकाने तिथे मोरी वाढवली, दुसऱ्याने कपाट ठेवले, तिसऱ्याने सायकल. कुणीच वाट अडवली नाही, आणि तरी एके दिवशी आजारी माणसाची खुर्ची न्यायला वाट उरली नाही. खाडीचे तसेच होत होते. तेव्हा नियम गावोगावचा हवा, पण तो साऱ्या खाडीकडे पाहून केलेला हवा, असे त्या म्हणू लागल्या.

मग गोष्ट राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला गेली. यूजीन मॅकॅटिअर आणि निकोलस पेट्रिस या दोन लोकप्रतिनिधींनी विषय उचलला. १९६४ साली अभ्यासासाठी एक समिती नेमली गेली. विरोध कमी नव्हता. एका मोठ्या योजनेत तर डोंगराचा माथा कापून तो खाडीत भरण्याचे ठरत होते! आकाशवाणीवरच्या एका लोकप्रिय निवेदकाने सकाळच्या कार्यक्रमातून लोकांना पत्रे पाठवण्याचे आवाहन केले. बायकांनी आमदारांना वाळूच्या लहान लहान पिशव्या पाठवल्या, आणि सोबत चिठ्ठी जोडली. तिचा भावार्थ असा, की खाडी अशीच भरलीत तर पुढे विचाराल, पाणी गेले कुठे. पत्रांचा पाऊस पडला. १९६५ साली कायदा झाला आणि खाडीसाठी २७ सभासदांचा एक आयोग नेमला गेला. किनाऱ्याचा सबंध विचार करून परवाने देणारी अशी सरकारी संस्था त्यापूर्वी जगात कुठे नव्हती, असे सांगतात. आयोगाने सारी खाडी धरून एक आराखडा केला, आणि १९६९ साली तो आयोग कायमचा झाला.

या कायद्याने काय केले ते घरगुती भाषेत सांगते. खाडीत भर घालायची तर परवाना हवा. परवाना मागणाऱ्याने दाखवायचे, की माझ्या कामाला पाण्याशेजारीच जागा लागते, जसे बंदर किंवा धक्का. कोरड्या जमिनीवर ते होण्यासारखे नाही, आणि मी लागेल तेवढीच भर घालीन. शिवाय काठापासून १०० फुटांच्या पट्ट्यात काही बांधायचे तर लोकांना पाण्यापर्यंत जाण्याची वाट ठेवायची. पूर्वी खाडी वाचवणाऱ्याने पुरावा द्यायचा, की हे का बुजवू नये. आता बुजवणाऱ्याने पुरावा द्यायचा, की हे का बुजवावे. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. कायद्याने सबंध खाडीचे भवितव्य पालटले ते या एवढ्याशा बदलाने.

खाडी वाचली, मग लोक म्हणू लागले, बाहेरच्या समुद्राच्या किनाऱ्याचे काय? विधिमंडळात तसा कायदा आणण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. तेव्हा १९७२ च्या नोव्हेंबरात लोकांनी सह्या गोळा करून तो विषय थेट मतदानाला आणला, आणि तो मंजूर झाला. १९७६ साली कायमचा किनारा कायदा झाला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराने आणि जिल्ह्याने आपला स्थानिक किनारा आराखडा करायचा. त्याचे दोन भाग. पहिल्यात कुठली जमीन कशासाठी, हे ठरवायचे. दुसऱ्यात ते पाळण्याचे बारीक नियम करायचे. आराखडा करणार गाव, पण तो राज्याच्या आयोगाने तपासून मंजूर करायचा. म्हणजे सून स्वयंपाक आपल्या पद्धतीने करील, पण घरातली पथ्ये पाळून.

ही पथ्ये कोणती? पाणथळ जागेत बांध, भराव, खोदकाम करायचे ते कायद्यात नावे घेऊन सांगितलेल्या मोजक्या कामांसाठीच. त्यांत राहण्याची घरे नाहीत. ओढ्यांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून काठची मूळ झाडी राखायची आणि ओढ्यांचे पात्र होता होईल तो बदलायचे नाही. ज्या जागा नाजूक आणि जीवसृष्टीला विशेष मोलाच्या आहेत, तिथे त्यांच्यावरच अवलंबून असलेली कामे तेवढी करायची. शेजारी काही बांधायचे ते त्यांना इजा न होईल असे.

परंतु कागदावर लिहिलेला नियम आपोआप उभा राहत नाही. त्याची कसोटी बोल्सा चिका या ठिकाणी लागली. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस हंटिंग्टन बीच नावाचे शहर आहे, त्याच्या शेजारचे हे खाजण. १८९९ साली बदकांच्या शिकारीसाठी तिथल्या एका मंडळाने बांध घालून समुद्राची वाट बंद केली. पुढे तिथे तेलाच्या विहिरी झाल्या, आणि १९७० नंतर मोठी वसाहत व नौकांचे बंदर करण्याचे बेत निघाले. तिथेही काम स्त्रियांपासूनच निघाले: मतदार स्त्रियांच्या एका संघटनेने पाणथळ जागेचा अभ्यास केला, आणि त्यातून १९७६ साली "अमिगोस दे बोल्सा चिका", म्हणजे बोल्सा चिकाचे मित्र, अशी संस्था उभी राहिली. पुढे आणखीही संस्था आल्या. वीस वर्षे सभा, नकाशे, अर्ज, दावे चालू राहिले.

आणि गंमत पाहा, १९९६ साली तिथल्या ज्या स्थानिक आराखड्याला राज्याच्या आयोगाने मंजुरी दिली, त्यातच खाजणात घरे बांधण्याची मुभा होती! एक तळे बुजवायचे होते, आणि शिकारी पक्षी जिथे बसत, घरटी करत, ती निलगिरीची राई तोडून बदल्यात दुसरीकडे झाडे लावायची होती. लोक न्यायालयात गेले. १९९९ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात ज्या कामांची नावे आहेत त्यांत घरे नाहीत, म्हणून खाजणात घरे बांधता येणार नाहीत. तळेही बुजवता येणार नाही. आणि नाजूक जागा इथे मोडून तिकडे नवी करून देतो, असे म्हणता येणार नाही. जी जिथे आहे ती तिथेच राखली पाहिजे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. आपल्या परसातला पन्नास वर्षांचा वड तोडून कुणी पाच रोपे कुंडीत आणून दिली, तर त्याला आपण फेड म्हणू काय?

त्याआधी १९९७ साली राज्याने तिथली ८८० एकर जमीन विकत घेतली होती. बांध फोडून समुद्राला नवी वाट करून देण्याचे काम झाले, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये, १०७ वर्षांनी, भरतीचे पाणी पुन्हा आत आले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतही तसेच घडते आहे. २०२३ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी काही महिने त्या खाडीकाठच्या फ्रीमॉंट गावी होते. तिथे दूरवर मिठागरे दिसली, तेव्हा मला आपल्या भांडुप-मुलुंडची मिठागरेच पाहिल्यासारखी वाटली. बहिणीच्या शेजारणीकडून कळले, की त्यांतली पुष्कळशी सरकारने २००३ साली विकत घेतली आहेत. खाडीच्या दक्षिण टोकालाच ती १५,१०० एकर भरतात. बांध ठिकठिकाणी उघडून ती पुन्हा खाजणे करण्याचे काम चालू आहे. या कामासाठी २०१६ साली नऊ जिल्ह्यांच्या मतदारांनी दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलर कर स्वतःवर वीस वर्षांसाठी लावून घेतला. एका डॉलरच्या वर्गणीपासून निघालेली गोष्ट इथवर आली. एस्थरबाई १९९५ साली गेल्या. कॅथरीनबाई २०१० साली, सिल्व्हियाबाई २०१६ साली. दोघीही वयाच्या ९९ व्या वर्षी. ज्या साली खाडीची नदी होणार होती, ते २०२० साल येऊन गेले, आणि खाडी खाडीच राहिली.

स्थानिक नियमाचे मोल आणखी एका कारणाने कळते. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, आणि देशाच्या जलकायद्याखाली येणाऱ्या पाणथळ जागा पुष्कळ कमी झाल्या. परंतु जिथे राज्याचा आणि गावाचा स्वतःचा नियम होता, तिथे तो उभा राहिला. मोठे छप्पर गळू लागले तरी घराची भिंत पक्की असली की माणूस तग धरतो.

आता ही चाळणी घेऊन आपल्या दारी येऊ. आपल्या देशात १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राखावा. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. समुद्राकाठी ५०० मीटर, आणि खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमाखाली आला. खारफुटीची राने पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आली. राज्यांनी आपापले किनारा आराखडे एका वर्षात करायचे होते. ते वर्ष उलटले, आणखी वर्षे उलटली. १९९६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर कामाला वेग आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राचा आराखडा मंजूर झाला.

नियम होता, तरी राडारोडा पडतच होता. २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठी नदीचे पाणी पसरायला जागा शोधत घराघरांत शिरले. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने त्याआधीच, २००४ साली, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यास आणि तिच्याभोवती ५० मीटरच्या आत बांधकाम करण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अखेरचा निकाल लागला: खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे. दरम्यान २०१२ साली वनखात्यात खारफुटीसाठी वेगळा कक्ष झाला. २०१५ साली आपल्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले, आणि २०२२ साली ते रामसरच्या जागतिक यादीत गेले. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा खारफुटी वृक्ष आहे. हे सारे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

परंतु एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये नवी अधिसूचना निघाली आणि खाडीकाठचा १०० मीटरचा पट्टा ५० मीटरवर आला. म्हणजे कागदावरची रेघ अर्ध्याने आपल्या घराकडून पाण्याकडे सरकली. खाडी जिथे होती तिथेच आहे, भरतीही तिथवरच येते, आणि पाऊस तर वाढतोच आहे. जी ५० मीटर सुटली, ती राखण्याचे बळ आता त्या अधिसूचनेत उरलेले नाही. तिथे ओढ्याकाठी झाडी राहील की राडारोडा, हे गावच्या आराखड्यावर आणि गावच्या डोळ्यांवर ठरणार.

भगिनींनो, म्हणून मला वाटते की आपल्या मंडळाने हळदीकुंकू, सहल आणि पाककृती-स्पर्धा यांच्या जोडीला एक काम अंगावर घ्यावे. किनारा आराखड्याचा नकाशा नवा होतो तेव्हा मसुद्यावर लोकांच्या हरकती घेतात, सुनावणी होते. त्या सुनावणीला बायका फारशा दिसत नाहीत. नकाशा वाचणे अवघड नाही. शिवणाचा कागदी नमुना वाचणाऱ्या बाईला ते सहज जमते. चौघींनी मिळून तो पाहावा आणि तीन प्रश्न विचारावेत. आपल्या भागातले प्रत्येक खाजण त्यात दाखवले आहे काय? प्रत्येक ओढा आणि नाला त्यात आहे काय, की तो गटार म्हणून सोडून दिला आहे? भरतीची रेषा जिथे काढली आहे, तिथवरच पाणी येते काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही कचेरीपेक्षा कोळीवाड्यातल्या आपल्या सभासद भगिनींना अधिक नेमके ठाऊक आहे. ते त्यांनी लेखी द्यावे, आणि आम्ही बाकीच्यांनी खाली सह्या कराव्यात.

बर्कलीच्या त्या तिघींकडे याहून अधिक काही नव्हते. एक नकाशा होता, एक डॉलरची वर्गणी होती, आणि पुढच्या सभेलाही हजर राहण्याचा निश्चय होता. आपल्या मंडळाची वर्गणी आपण दर महिन्याला देतोच. नकाशाही मागितला की मिळतो. राहिला निश्चय. पुढच्या महिन्याच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्या भगिनींना या कामात यावयाचे असेल, त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, ही विनंती.